ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या ओपन डेचा वृत्तांत: आधी अभ्यासक्रम, मग कॉलेज

पदवीच्या प्रवेशासाठी ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोन्ही विद्यापीठांकडे एकाच वर्षी अर्ज करता येत नाही. यूकास या ब्रिटनच्या केंद्रीय प्रवेशयंत्रणेच्या अर्जात पाच पर्याय भरता येतात, परंतु सर्वसाधारणपणे या दोहोंपैकी एकाचेच नाव त्यांत लिहिता येते, आणि तो अर्ज १५ ऑक्टोबरच्या संध्याकाळी सहा वाजेपर्यंत, म्हणजे इतर बहुतेक अभ्यासक्रमांच्या जानेवारीतील मुदतीच्या तीन महिने आधी, पाठवावा लागतो. त्यामुळे ए लेव्हलचे, म्हणजे शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांपैकी, पहिले वर्ष संपत आले तेव्हा मी आणि बाबांनी दोन्ही ठिकाणचे ओपन डे, म्हणजे इच्छुक विद्यार्थ्यांना विद्यापीठ पाहू देण्याचे दिवस, लागोपाठच्या आठवड्यांत पाहण्याचे ठरवले. मला रसायनशास्त्र शिकायचे आहे, एवढे निश्चित होते. या विद्यापीठांत व्याख्याने आणि प्रयोगशाळा विभागात असतात, तर विद्यार्थी राहतो तो कॉलेजात, आणि अर्जात कॉलेजाचेही नाव लिहिता येते. निघताना माझ्या वहीत अकरा कॉलेजांची नावे होती, आणि ती मी छायाचित्रे पाहून लिहिली होती, हे या वृत्तांताच्या आरंभीच सांगते, कारण पुढचे सारे त्याच्याशी निगडित आहे.

दोन्ही विद्यापीठांचे मुख्य ओपन डे जूनच्या अखेरीपासून जुलैच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत असतात आणि सप्टेंबरमध्ये आणखी एक संधी मिळते. तारखा वसंतातच पाहून ठेवाव्यात, कारण विभागांच्या काही व्याख्यानांना आधी नाव नोंदवावे लागते आणि त्या जागा लवकर भरतात. लंडनहून पॅडिंग्टन किंवा मॅरिलबोन स्थानकावरून ऑक्सफर्डला, तर किंग्ज क्रॉसवरून केंब्रिजला साधारण तासाभरात पोहोचता येते. या दोन शहरांना थेट जोडणारी जुनी रेल्वे १९६७ च्या अखेरीस बंद झाली. तो मार्ग नव्याने उभारला जात असला तरी आम्हाला लंडनमार्गेच जावे लागले, म्हणून दोन्ही शहरे एकाच फेरीत उरकण्याचा विचार करू नये. सोळा-सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याने ‘१६–१७ सेव्हर’ हे रेल्वेचे सवलतकार्ड काढले तर त्याला अर्ध्या तिकिटात प्रवास करता येतो.

ऑक्सफर्डला आम्ही सकाळी लवकर पोहोचलो आणि तिथेच पहिली चूक केली. एका नामांकित कॉलेजाच्या दाराशी मोठी रांग होती. इतके लोक उभे आहेत तर पाहण्यासारखे असणारच, या विचाराने आम्हीही उभे राहिलो. आत गेल्यावर प्रार्थनामंदिर, भोजनगृह आणि हिरवळ दिसली, परंतु विद्यार्थ्यांच्या खोल्या दाखवल्या गेल्या नाहीत, आणि या सगळ्यात रसायनशास्त्र विभागाचे सकाळचे व्याख्यान हुकले. ते दुपारी पुन्हा होते म्हणून निभावले. माझ्यामागून जाणाऱ्यांनी दिवसाची आखणी विभागाच्या व्याख्यानाभोवती करावी आणि कॉलेजे उरलेल्या वेळात बसवावीत, असे मी आग्रहाने सांगेन.

त्या दुपारच्या व्याख्यानाने माझ्या प्रश्नाचे रूपच बदलले. ऑक्सफर्डचा रसायनशास्त्राचा अभ्यासक्रम चार वर्षांचा असून विद्यार्थी पहिल्या दिवसापासून रसायनशास्त्रच शिकतो; त्याला लागणारे गणित आणि भौतिकी त्यातच येते. चौथे वर्ष, ज्याला तिथे ‘पार्ट टू’ म्हणतात, पूर्णपणे संशोधनाचे असते: विद्यार्थी एखाद्या संशोधनगटात सामील होतो, ३८ आठवडे प्रयोगशाळेत किंवा संगणकावर काम करतो आणि शेवटी प्रबंध लिहितो. ज्या विद्यार्थिनीने आम्हाला प्रयोगशाळा दाखवली तिने आपल्या चौथ्या वर्षाविषयी सांगताना आधी तीन महिने फसलेल्या प्रयोगांबद्दलच सांगितले, आणि ते सांगताना तिचा चेहरा उजळला होता. ज्याला रसायनशास्त्राखेरीज दुसरे काही नको आहे त्याने हा अभ्यासक्रम सोडू नये, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते.

त्यानंतर आम्ही तीन कॉलेजे पाहिली. कीबल हे विटांच्या बांधकामाचे, १८७० साली सुरू झालेले कॉलेज विज्ञान विभागांच्या अगदी समोर आहे, आणि सकाळच्या प्रयोगशाळेसाठी अंथरुणातून पाच मिनिटांत पोहोचता येणे ही आठ आठवड्यांच्या धावपळीच्या सत्रात लहान गोष्ट नाही. सेंट कॅथरिन्स हे आर्ने याकोबसेन या डॅनिश वास्तुशिल्पकाराने आखलेले, काच आणि काँक्रीटचे, १९६२ चे कॉलेज. छायाचित्रांत ते मला रुक्ष वाटले होते, प्रत्यक्षात तिथला उजेड आणि मोकळेपणा फार आवडला. तिसरे सॉमरव्हिल. नाशिकमध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८८९ साली इथे आल्या आणि ऑक्सफर्डमध्ये कायदा शिकणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या; त्यांनी १८९२ साली परीक्षा दिली, परंतु त्या काळी स्त्रियांना पदवीच दिली जात नसे आणि ती दारे १९२० साली उघडली. पुढे याच कॉलेजात डोरोथी हॉजकिन यांनी रसायनशास्त्र शिकवले, ज्यांना १९६४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्या आवारात उभे असताना मला जे वाटले ते खरेच होते. मात्र त्या भावनेवर कॉलेज निवडायचे नाही, हे मी परतीच्या गाडीत स्वतःला बजावले.

पुढच्या आठवड्यात केंब्रिजला जाताना मी वहीतली नावे बाजूला ठेवून आधी अभ्यासक्रमाची माहिती वाचली. तिथे पदवीच्या आरंभी रसायनशास्त्र असा स्वतंत्र अभ्यासक्रमच नाही. ‘नॅचरल सायन्सेस’ या नावाखाली पहिल्या वर्षी तीन विज्ञान विषय आणि जोडीला गणित घ्यावे लागते, दुसऱ्या वर्षी निवड आणखी नेमकी होते आणि तिसऱ्या वर्षी बहुतेक विद्यार्थी एका विषयावर स्थिरावतात. चौथे वर्ष घ्यायचे की तीन वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडायचे, हेही पुढे ठरवता येते. शाळेत कधीच न शिकवलेले भूविज्ञान किंवा ‘मटेरियल्स सायन्स’मधील धातू-स्फटिकांचा अभ्यास रसायनशास्त्राबरोबर करता येईल, हे ऐकल्यावर मी व्याख्यानात पुढचे दहा मिनिटे काहीच टिपून घेतले नाही. याउलट माझ्या शेजारी बसलेल्या मुलाला जीवशास्त्र किंवा भूविज्ञानाचे नावही नको होते, आणि त्याने ऑक्सफर्डच निवडावे हे आम्हा दोघांनाही बोलता बोलता पटले. शिकवण्याच्या पद्धतीत मात्र दोन्हीकडे फारसा फरक नाही: ऑक्सफर्डचे ट्यूटोरियल आणि केंब्रिजचे सुपरव्हिजन, दोन्हींत दोन-तीन विद्यार्थी एका शिक्षकासमोर बसून आपल्या आठवड्याच्या कामाची उलटतपासणी होऊ देतात.

केंब्रिजमध्ये पदवी विद्यार्थ्यांना घेणारी २९ कॉलेजे आहेत आणि ती एका दिवसात पाहणे अशक्य आहे. सेंट जॉन्स आम्ही बाबांसाठी पाहिले. १८९९ साली गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत सीनियर रँग्लरचा, म्हणजे पहिल्या क्रमांकाचा, मान मिळवणारे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे याच कॉलेजाचे विद्यार्थी होते, आणि ‘रँग्लर परांजपे’ या नावातला रँग्लर म्हणजे त्या परीक्षेत पहिल्या वर्गात येणारा, हे मला तिथे कळले.

गर्टन हे १८६९ साली स्त्रियांसाठी स्थापन झालेले, आता सर्वांसाठी खुले असलेले कॉलेज शहराच्या मध्यापासून चार किलोमीटरच्या आसपास आहे. आवार प्रशस्त आणि शांत आहे, आणि तिथले विद्यार्थी आपल्या कॉलेजाविषयी इतक्या आपुलकीने बोलले की अंतर विसरायला झाले. तरीही आम्ही तिथून लेन्सफील्ड रोडवरच्या रसायनशास्त्र विभागापर्यंत पायी गेलो, आणि तासाभराहून अधिक वेळ लागला. सायकल चालवणाऱ्याला हे अंतर मोठे नाही, परंतु जानेवारीच्या पावसात ते दिवसातून दोनदा कापण्याची आपली तयारी आहे का, हे प्रत्येकाने चालूनच पाहावे. नकाशावर ते कळत नाही.

चर्चिल कॉलेज १९६० साली स्थापन झाले ते विज्ञान आणि तंत्रज्ञानावर भर देण्याच्या उद्देशाने, आणि तिथले पदवी विद्यार्थी सर्व वर्षे एकाच आवारात राहतात. ही शेवटची गोष्ट मी आधी फारशी महत्त्वाची मानली नव्हती. काही कॉलेजांत, विशेषतः ऑक्सफर्डमध्ये, एखादे वर्ष बाहेर घर शोधून राहावे लागते, आणि त्यासाठी आधीच्या वर्षाच्या हिवाळ्यातच सहनिवासी ठरवून करार करावा लागतो, असे एका विद्यार्थ्याने आम्हाला सांगितले.

म्हणून कॉलेजात गेल्यावर काय विचारावे, याबद्दल माझा अनुभव असा आहे की मार्गदर्शक विद्यार्थ्याला ‘तुला इथे आवडते का’ असे विचारून काही हाती लागत नाही. सत्र संपले की खोली रिकामी करावी लागते का, हा पहिला प्रश्न असावा. सत्रे आठ-आठ आठवड्यांची तीनच असल्याने वर्षातला मोठा काळ सुट्टीचा असतो, आणि ज्याचे घर परदेशात आहे त्याला सामान कुठे ठेवायचे ही अडचण वर्षातून तीनदा येते. त्यानंतर स्वयंपाकघरात खरी शेगडी आहे की केवळ मायक्रोवेव्ह, ग्रंथालय रात्री उघडे असते का, आणि आपल्या विषयाचे दर वर्षी किती विद्यार्थी त्या कॉलेजात घेतात, हे विचारावे. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ऐकून माझ्या वहीतली दोन नावे गळाली, कारण तिथे माझ्याबरोबर प्रश्न सोडवायला एक-दोघेच असते. परदेशातून अर्ज करणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की केंब्रिजमध्ये त्यांना विद्यापीठाच्या शुल्काखेरीज कॉलेजचे वेगळे शुल्क द्यावे लागते आणि ते कॉलेजागणिक निराळे असते.

एवढे करूनही ज्याचे मन कुठल्याच कॉलेजावर बसत नाही त्याने खुला अर्ज करावा. मग विद्यापीठ स्वतः कॉलेज नेमून देते. शिवाय नाव लिहिलेल्या कॉलेजाकडे जागा पुरल्या नाहीत तरी चांगला अर्ज वाया जात नाही: ऑक्सफर्डमध्ये तो दुसऱ्या कॉलेजाकडे पाठवता येतो, आणि केंब्रिजमध्ये जानेवारीत ‘विंटर पूल’मधून इतर कॉलेजे विद्यार्थी निवडतात. हे समजल्यावर माझ्या मनावरचे ओझे बरेच उतरले.

मी केंब्रिजचे नॅचरल सायन्सेस आणि चर्चिल कॉलेज अर्जात लिहिणार आहे. त्या अभ्यासक्रमासाठी ‘एसॅट’ ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते, आणि तिची नोंदणी यूकासच्या अर्जाने आपोआप होत नाही; ती स्वतंत्रपणे, अर्जाच्या मुदतीच्या आधीच संपणाऱ्या तारखेपर्यंत करावी लागते. सप्टेंबरच्या ओपन डेला जाऊन मगच ठरवू, असे म्हणणाऱ्यांनी ती तारीख उन्हाळ्यातच पाहून ठेवावी.