फर्मिन काचो: कर्बला चिकटून घेतलेलं वळण

पावसाने ट्रॅकवर पाणी साचलं होतं, म्हणून त्या दिवशी 1500 मीटरच्या मुलांना हॉलमध्ये बसवून बार्सिलोना ऑलिम्पिकची फायनल लावली. 8 ऑगस्ट 1992, मोंजुइकचं स्टेडियम, स्पेनच्या फर्मिन काचोचं सुवर्ण. पडद्यावर 3:40.12 ही वेळ आली आणि मागून एक जण म्हणाला, "सर, एवढ्यात गोल्ड? आपला जिन्सन जॉन्सन 3:35.24 पळालाय."

खरंच आहे. 1956 नंतर ऑलिम्पिकची 1500 इतक्या संथ वेळेत कोणी जिंकली नव्हती. मग मुलांच्या हाती स्टॉपवॉच दिली आणि रेस पहिल्यापासून लावली.

या शर्यतीत पावणेचार फेरे असतात. फिनिश लाइनवर उभं राहून वेळ घेतली तर 300, 700 आणि 1100 मीटरचे आकडे मिळतात. शेवटच्या फेऱ्याची घंटा 1100 ला वाजते. 3:40.12 ची सरासरी फेऱ्यामागे 58.7 सेकंद. प्रत्यक्षात केनियाच्या जोसेफ चेसिरेने पुढे राहून पहिले 800 मीटर दोन मिनिटं सहा सेकंदांच्याही वर नेले. काचोचा शेवटचा फेरा मुलांच्या घड्याळात साधारण 50 सेकंदांचा निघाला, म्हणजे सेकंदाला आठ मीटर. हसणं तिथेच थांबलं.

संथ रेस म्हणजे सोपी रेस, हा गैरसमज नवशिक्यांमध्ये फार. वेग कमी असला की कोणी मागे पडत नाही, सगळा घोळका एकत्र राहतो आणि कर्बलगतचा (कर्ब म्हणजे ट्रॅकची आतली कड) धावपटू पुढून, बाजूने आणि मागून कोंडला जातो. बाहेर पडायला त्याला आधी वेग कमी करावा लागतो, आणि तेवढ्यात किक (शेवटचा जोरदार वेग) मारणारे निघून जातात. 1991 चा जगज्जेता नूरुद्दीन मोरसेली त्या दिवशी सातवा आला.

काचोही आतच अडकला होता. शेवटच्या वळणाआधीच्या, फिनिश लाइनच्या पलीकडच्या सरळ पट्ट्यात चेसिरे किंचित बाहेर सरकला आणि काचो आतून निसटला. आतून ओलांडायला मनाई नाही; फक्त धक्का लागता कामा नये आणि वळणावर पाय कर्बवर किंवा आत पडता कामा नये. मात्र फट मिटली तर पाय अडकणार, आणि तोही आतून घुसणाऱ्याचाच.

आता हिशोब. वळणावर एक मीटर बाहेरून धावलं, तर अर्धवर्तुळात π (पाय, 3.14) गुणिले एक, म्हणजे 3.14 मीटर जास्त पडतात. आठ मीटरच्या वेगाने हे जवळजवळ 0.4 सेकंद. दुसरा आलेला मोरोक्कोचा रशीद एल बासिर 3:40.62, म्हणजे फरक 0.50. काचोने ते शेवटचं वळण कर्बला चिकटून घेतलं. निव्वळ त्यामुळे जिंकला असं मी म्हणणार नाही, किक जबरदस्त होतीच. पण बाहेरून गेला असता तर हातात फारसं काही उरलं नसतं.

शेवटच्या सरळीत तो वारंवार मागे वळून पाहतो. हे मात्र उचलू नका, असं मुलांना बजावलं. मान वळली की खांदा वळतो आणि पाऊल आखूड पडतं.

वेगवान रेस त्याला जमत नव्हती असंही नाही. 1997 मध्ये झुरिचला 3:28.95, म्हणजे फेऱ्यामागे 55.7. हा युरोपियन विक्रम 2013 मध्ये मो फराहने मोडेपर्यंत टिकला. 1996 च्या अटलांटा ऑलिम्पिकच्या फायनलमध्ये घंटेच्या सुमारास मोरोक्कोचा हिशाम एल गेरूज पडला. काचोने त्याच्यावरून उडी मारली आणि मोरसेलीच्या मागे रौप्य मिळवलं.

ट्रॅक सुकल्यावर सहा जणांचा घोळका करून सराव घेतला: 400 मीटर 72 सेकंदांत, मग शिट्टीवर 200 मीटर पूर्ण वेगात. पुढच्याला मधेच अर्धा मीटर बाहेर सरकायला गुपचूप सांगितलं होतं. बहुतेकांना फट दिसली तेव्हा ती मिटत आली होती. नजर पुढच्याच्या पाठीवर. ती त्याच्या कमरेवर हवी, कारण सरकण्याआधी कंबर वळते.