सिनसेकडे जाताय? फॉर्मचा तो रकाना रिकामा सोडू नका

सिंगापूरला मुलांकडे राहायला आलेले आई-बाबा इथे भारतापेक्षा जास्त चालतात, गुडघे बोलायला लागतात, आणि मग कुणीतरी ब्लॉकखालच्या चिनी दवाखान्याचं नाव सुचवतं. तिथल्या पारंपरिक चिनी वैद्याला इथे सिनसे म्हणतात. जरूर जावं. भारतातून फोनवर सगळ्यांचा प्रश्न एकच: "सुया टोचतात म्हणे, दुखतं का हो?" मला सुयांची काळजी वाटत नाही. नव्या पेशंटच्या फॉर्मवर 'सध्या चालू असलेली औषधं' असा रकाना असतो, तिथे आपली माणसं बिनदिक्कत 'काही नाही' लिहितात. राग येतो तो याचा.

बीपीची गोळी रोजचीच, म्हणून ती धरायची नाही. इकोस्प्रिन एवढीशी, म्हणून तीही नाही. बॅगेतून आलेलं चूर्ण, आसव, काढा, गुग्गुळ ही तर औषधंच नव्हेत, ते 'आपलं आयुर्वेदिक'. अहो, समोर बसलेला सिनसेही वनस्पतीच देणार आहे, आणि कित्येकदा तीच!

ज्येष्ठमध घ्या. चिनी काढ्यांमध्ये गान-त्साओ नावाचं मूळ फार वेळा असतं, बाकीच्या औषधांचा मेळ बसवायला थोडं थोडं घालतात. ते म्हणजे आपल्या ज्येष्ठमधाचंच भावंड. त्यातल्या ग्लिसिरायझिनमुळे शरीरात मीठ आणि पाणी साठतं, पोटॅशियम घटतं, बीपी चढतं. आता घरून आणलेला खोकल्याचा काढा, वर सिनसेचं औषध, आणि बीपीसाठी आधीच चालू असलेली लघवी वाढवणारी गोळी, जिच्यातल्या बऱ्याच प्रकारांनी पोटॅशियम आणखी उतरतं. पाय सुजतात, पोटऱ्यांत गोळे येतात, गळून गेल्यासारखं होतं, छातीत धडधडतं. दोष सुईवर जातो. रक्त पातळ ठेवणारी वॉर्फरिनची गोळी घेणाऱ्यांचं तर विचारूच नका. तान-शेन आणि तांग-क्वेइ या दोन्ही मुळांनी रक्त आणखी पातळ होऊ शकतं. हृदयाची झडप बदललेल्या माणसाला हे महागात पडेल. दोन औषधांत दोन तासांचं अंतर ठेवलं की भागतं, हाही गैरसमज. अंतरामुळे ती पोटात एकत्र येत नाहीत, रक्तात येतातच.

म्हणून निघण्याआधी सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्यांचे आणि चूर्णाच्या डब्यांवरच्या लेबलांचे फोटो काढा, कशाचे किती चमचे ते लिहून घ्या आणि दाखवा. उलट दिशेनेही तेच. सिनसेने दिलेल्या पुडीतल्या घटकांची नावं मागून घ्या आणि आपल्या डॉक्टरांना पाठवा. शाकाहारी असाल तर ते पहिल्याच मिनिटाला सांगा. अ-च्याओ गाढवाच्या कातडीपासून करतात, ती-लुंग म्हणजे वाळवलेलं गांडूळ, मू-ली म्हणजे कालवाचा शिंपला. न विचारता कुणी सांगेलच असं नाही, आणि सांगितलं तर बहुतेक वेळा पर्याय मिळतो.

इथली शिस्त मात्र वाखाणण्यासारखी आहे. 2000 साली खास कायदा झाला, त्यानुसार नोंदणी आणि मुदतीतलं प्रमाणपत्र असल्याशिवाय सुई हातात धरता येत नाही. नाव ऑनलाइन नोंदवहीत घरबसल्या तपासता येतं. नोंदणी फक्त ॲक्युपंक्चरची आहे की काढे-औषधांचीही, तेही बघा. थाँग चाय ही संस्था 1867 पासून जात, धर्म न बघता गरिबांवर उपचार करते आहे. पण म्हणून आपल्याकडे सगळा अंधार, असं कुणी म्हणू नये. ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आणि परिषद महाराष्ट्रातही आहे. सोलापूरच्या डॉ. कोटणीसांबरोबर 1938 साली चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकातले डॉ. बसू हे पुढे ही विद्या तिथे जाऊन शिकले आणि त्यांनी ती कोलकात्यात आणली. नाडी बघणाऱ्या वैद्याची तीन बोटं तर आपल्याला नवी नाहीतच. सिनसेही दोन्ही मनगटांवर तीनच बोटं ठेवतो.

तो जीभही नीट बघतो. जिभेवरचा पिवळा थर त्याच्या लेखी 'उष्णता' असते, त्यामुळे हळदीची आमटी ओरपून किंवा कॉफी पिऊन लगेच जाऊ नका, आणि त्या सकाळी जीभ घासू नका. शौच, झोप, घाम, पाळी असं सगळं विचारेल, लाजू नका.

उपवासाच्या दिवशी अपॉइंटमेंट घेऊ नका. रिकाम्या पोटी सुया लावल्या की घाम फुटून चक्कर येण्याची शक्यता वाढते. तास-दोन तास आधी हलकं खा, गुडघ्याच्या वर जाईल अशी सैल पँट घाला. सुई एकदाच वापरायची, तुमच्यासमोर पाकीट फोडून. नेहमीची सुई 0.25 मिलिमीटर जाडीची, इंजेक्शनची साधारण 0.8. शिवाय आतून भरीव, म्हणून कातडी कापत नाही. टोचल्यावर जडपणा, मुंग्या, पसरत जाणारी ठसठस जाणवते, तीच अपेक्षित असते. विजेचा झटका बसल्यासारखी कळ किंवा जळजळ आली तर तिथल्या तिथे सांगा, सुई थोडी मागे घेतात. गुडघ्यासाठी वाटीखाली चार बोटांवर, नडगीच्या बाहेरच्या अंगाला एक सुई जवळजवळ ठरलेली. सुया वीसेक मिनिटं राहतात, तेवढा वेळ पाय हलवायचा नाही. गरोदर असाल, पेसमेकर असेल तर आधीच सांगा. पहिल्यात काही बिंदू टाळतात, दुसऱ्यात सुयांना वीज जोडत नाहीत.

गुडघा, कंबर, मान, मायग्रेन यांत बऱ्याच जणांना उतार पडतो. मात्र चाचण्यांमध्ये खोट्या, नुसत्या नावाच्या सुया लावलेल्यांशी तुलना केली तर फरक बेताचाच निघतो, हे मान्य करायला हवं. आठवड्यातून एक-दोनदा गेलात आणि पाच-सहा वेळांनंतरही जिना चढताना काडीचा फरक नसेल, तर पुढचं पॅकेज घेऊ नका. शुगरच्या गोळ्या बंद करा म्हणणाऱ्याकडून सरळ उठून या. नोकरी करणाऱ्यांसाठी एक: सिनसेने दिलेलं आजारपणाचं सर्टिफिकेट मानायला कंपनी कायद्याने बांधील नाही, एचआरला आधी विचारा.

कपिंगचे, म्हणजे कातडीवर पेले चिकटवून ओढ दिल्याचे, जांभळे वळ आठवडाभरात जातात, घाबरू नका. खांद्यावर, पाठीवर किंवा छातीवर सुया लावल्या असतील तर मात्र तो दिवस लक्ष ठेवा. तिथे सुई खोल गेली तर फुप्फुसाला भोक पडू शकतं. क्वचित घडतं, पण लक्षणं काही तासांनीही दिसतात. श्वास घेताना छातीत टोचलं, धाप लागली तर सिनसेला फोन करत बसू नका. 995 हा इथला ॲम्ब्युलन्सचा नंबर लावा आणि सुया कुठे लावल्या होत्या ते सांगा.