गोडातली दालचिनी

“आज रस्सा आहे वाटतं?” ओव्हनमधला दालचिनीचा वास जिन्यापर्यंत पोहोचला तेव्हा शेजारच्या काकूंनी दारातूनच विचारले, आणि आत गोड ब्रेड भाजला जात आहे हे ऐकून त्या थबकल्या. “दालचिनी, गोडात? आणि यीस्टशिवाय ब्रेड?”

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. दह्यातील आम्ल आणि खाण्याचा सोडा एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड तयार होतो व त्यानेच हा ब्रेड फुगतो. म्हणून मिश्रण मुरत न ठेवता लगेच ओव्हनमध्ये ठेवावे लागते, आणि ते फार घोटायचेही नसते, कारण पिठातले ग्लूटेन नावाचे प्रथिन बळावले की ब्रेड चिवट होतो.

पहिला प्रश्न मात्र दिवसभर मनात राहिला. आपल्या बाजारात दालचिनी म्हणून बहुधा मिळते ती जाड सालीची, झणझणीत कॅसिया. श्रीलंकेची दालचिनी पातळ पापुद्र्यांची आणि सौम्य असते. सावजी रस्स्याच्या या नागपुरात आपण दालचिनीला मिरी-लवंगेच्या पंगतीतच बसवत आलो, आणि तिच्या अंगचा गोडवा, जो गूळ-साखरेच्या सोबतीने इतका सुरेख खुलतो, तो बहुतेक घरांत अनोळखीच राहिला, याची मला खरोखर हळहळ वाटते.

तुमच्या घरी दालचिनी कोणत्या गोड पदार्थात पडते?