टीबीचे सहा महिने आणि ब्लाऊजच्या टिपा

मी सोलापुरात घरीच शिवणकाम करते. ब्लाऊज, ड्रेस, फॉल-पिको. जानेवारी २०२५ मध्ये मला फुफ्फुसाचा टीबी निघाला. सहा महिन्यांच्या गोळ्या घेऊन मी बरी झाले. आजाराबद्दल लोक भरपूर बोलतात, पण बरं होताना रोजच्या रोज काय होतं हे फारसं कुणी सांगत नाही, म्हणून लिहितेय.

खोकला दिवाळीनंतरच लागला होता. संध्याकाळी अंगात कणकण, रात्री घामाने उशी ओली आणि वजन उतरत चाललेलं. दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला की थुंकी तपासायची, हे आमच्या भागातल्या आशाताईंनी सांगितलं. डब्याही त्यांनीच आणून दिल्या. एक नमुना तिथल्या तिथे द्यायचा, दुसरा पहाटे झोपेतून उठल्याबरोबरचा. ट्रूनॅट नावाच्या यंत्रावर तपासणी झाली. टीबीचे जंतू आहेत का हे त्यावर कळतं, आणि रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला ते दाद देतात का हेही कळतं. हे यंत्र आपल्या गोव्यातल्या कंपनीचं आहे, हे नंतर समजलं तेव्हा मला फार बरं वाटलं. माझे जंतू औषधाला दाद देणारे निघाले.

गोळ्या वजनावर ठरतात. माझं वजन ४१ किलो, म्हणून रोज तीन गोळ्या. पहिले दोन महिने एकेका गोळीत चार औषधं, पुढचे चार महिने तीन. सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या आणि एकही दिवस चुकवायचा नाही. रिफाम्पिसिनमुळे लघवी नारिंगी होते, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. डोळ्यांतलं पाणीही नारिंगी होतं, हे मला माझ्या पांढऱ्या रुमालावर दिसलं.

कारण पहिले काही आठवडे मी खूप रडले. बाहेर गड्ड्याच्या यात्रेची गर्दी, घरोघरी तिळगूळ, आणि मी तोंडाला मास्क लावून खिडकीपाशी. गोळ्यांनी मळमळायचं, गुडघे ठणकायचे. काही गिऱ्हाइकांनी शिवायला दिलेले कपडे परत नेले. कुणी म्हणायचं, ‘याहून वाईट आजार असता तर? चांगलं बघत जा.’ त्यांच्या मनात चांगलंच होतं. पण ज्या माणसाला चार पायऱ्या चढून दम लागतो, त्याला आभार मानायला सांगून आभार मानता येत नाहीत. मला तरी आले नाहीत.

माझं आधी शरीर परत आलं, मन त्याच्या मागून आलं. तीनेक आठवड्यांत ताप गेला. मग एका दुपारी मला भूक लागली. महिनोन्‌महिने भूक नव्हतीच, ताट समोर आलं की घास तोंडात फिरायचा. त्या दुपारी मी स्वयंपाकघरात जाऊन डबा उघडला, कडक भाकरी मोडून वाटीत घेतली, तिच्यावर शेंगाचटणी आणि दही घातलं आणि उभ्या उभ्या खाल्लं. चटणीतला लसूण जिभेला झोंबला. चव कळत होती! सासूबाई दारात येऊन बघत होत्या. काही बोलल्या नाहीत, अजून एक भाकरी काढून वाटीत मोडून दिली.

त्या दिवसापासून मापांच्या वहीच्या मागच्या पानावर रोज एक ओळ लिहायला लागले. गोळ्या घेतल्याची खूण, आणि शेजारी त्या दिवशी जे परत मिळालं ते. ‘रात्रभर झोप.’ ‘पाण्याची कळशी उचलली.’ ‘लेकीची वेणी घालताना हात भरून आले नाहीत.’ ‘चहा गोड लागला.’ काही दिवस काहीच मिळायचं नाही. त्या दिवशी नुसती खूण केली, ओढूनताणून चांगलं लिहिलं नाही. ते बरंच झालं. त्यामुळे जे लिहिलंय ते सगळं खरं आहे.

ब्लाऊज शिवताना आम्ही बाजूच्या शिवणीला दोन-तीन जादा टिपा मारून ठेवतो. अंग भरलं की एक टीप उसवायची, ब्लाऊज सैल होतो. आजारात मी माझे ब्लाऊज आत घेत गेले होते. मार्चमध्ये त्यातला एक निळा ब्लाऊज काखेत काचायला लागला. मी तो उलटा करून मांडीवर घेतला आणि सगळ्यात आतली टीप ब्लेडने अलगद कापत गेले. दोऱ्याचे बारीक तुकडे निघाले, कापडावर टाक्यांची भोकं रांगेत दिसत होती. वजनकाट्यावर दोन किलो वाढलेले बघून इतका आनंद झाला नव्हता. दुसऱ्यांच्या कितीतरी टिपा उसवल्यात आजवर, पण स्वतःचं अंग भरल्याची टीप उसवताना हात थरथरत होते. पुढे आणखी एक उसवली.

याच सुमारास गल्लीतल्या एक वैनी मे महिन्यातल्या लग्नाचे ब्लाऊज घेऊन आल्या. त्यांना माझा आजार माहीत होता. म्हणाल्या, ‘ताई, घाई नाही, पण शिवायचे तुम्हीच.’ वहीत मेची तारीख लिहायची म्हणजे तोवर आपण मशीनवर बसू शकू असं धरून चालायचं. मी तारीख लिहिली. आशा म्हणजे काय असतं ते मला त्या ऑर्डरमध्ये दिसलं. आधी मी फक्त उद्याच्या गोळीपर्यंत बघत होते.

बसून बसून वाचायलाही लागले. मला सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट म्हणजे घरात लेक होती. मी घरात राहून उपचार घेते हे बरोबर ना, अशी धास्ती. मग मद्रासच्या एका अभ्यासाबद्दल वाचलं. १९५६ मध्ये तिथे क्षयरोगावरच्या औषधोपचाराचं केंद्र सुरू झालं. काही रुग्णांना सॅनेटोरियममध्ये, म्हणजे क्षयरोग्यांसाठीच्या रुग्णालयात ठेवलं, काहींना त्यांच्याच घरी औषधं दिली. घरचे रुग्ण गरीब, दाटीवाटीच्या खोल्यांत राहणारे, खायला सॅनेटोरियमपेक्षा कमी. १९५९ मध्ये निष्कर्ष आले. औषधं नीट घेतली तर घरी राहूनही रुग्ण जवळजवळ तितकेच बरे होतात आणि घरच्यांना त्यामुळे जास्त लागण होत नाही. जगभर टीबीचे उपचार घरी व्हायला लागले, त्यामागे हा अभ्यास आहे. त्या खोल्यांतून रोज औषध घेणाऱ्या माणसांची नावं मला कधीच कळणार नाहीत. पण मी माझ्या घरी, माझ्या लेकीजवळ राहू शकले ती त्यांच्यामुळे. तिची तपासणी झाली, तिला आजार नव्हता, आणि तो होऊ नये म्हणून आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या तिला तीन महिने दिल्या.

आणि आनंदीबाई जोशी. त्या पहिल्या भारतीय डॉक्टर बाई हे शाळेत शिकलो होतो. पण त्या क्षयाने गेल्या हे कधी मनाला भिडलं नव्हतं. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉखने बर्लिनला क्षयाचा जंतू दाखवला, १८८६ मध्ये आनंदीबाई अमेरिकेत डॉक्टर झाल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात वारल्या. वय अवघं एकवीस. जंतू सापडला होता, औषध नव्हतं. क्षयावर चालणारं पहिलं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ मध्ये सापडलं. एवढी शिकलेली, एवढी जिद्दीची बाई ज्या आजारापुढे हरली, त्यावरच्या गोळ्या मला सरकारी केंद्रात फुकट मिळत होत्या. हे वाचल्यावर सकाळी गोळ्या हातात घेताना कंटाळा आला नाही. खरंच नाही आला.

पोषणासाठी सरकारच्या निक्षय पोषण योजनेतून महिन्याला हजार रुपयांच्या हिशेबाने पैसे खात्यावर येतात, पूर्वी पाचशे होते. मी शेंगदाणे, अंडी आणि डाळ आणायची. ६ जुलैला आषाढी आली. मी कधी एकादशी मोडली नाही, पण गोळ्यांवर उपास करू नका असं डॉक्टरांनी सांगितलेलं. सासूबाईंनी स्वतःचा उपास धरून माझ्यासाठी वरणभात लावला. म्हणाल्या, ‘पंढरपूर काय लांब आहे का, त्याला दिसतंय सगळं.’

जुलैच्या शेवटी थुंकीत जंतू नाहीत असा रिपोर्ट आला. अजून दोन वर्षं दर सहा महिन्यांनी तपासणीला जायचंय.

आता गिऱ्हाईक माप देताना खोकलं की मी विचारते, किती दिवस झाले? दोन आठवड्यांच्या वर असेल तर आशाताईंना फोन करून देते. शेजारच्या गल्लीतल्या एका आजींच्या गोळ्या गेल्या महिन्यात सुरू झाल्या. सूनबाई कामाला जातात, म्हणून सकाळी मी जाऊन बसते. काल आजींनी विचारलं, ‘माझी भूक कधी येणार गं?’ मी म्हटलं, येईल, पण नेमका दिवस सांगता येत नाही, म्हणून डब्यात रोज भाकरी असू द्या.