स्मॅश परतवण्याचा सराव : दहा आठवड्यांनंतरची नोंद

बॅडमिंटनमधला स्मॅश, म्हणजे वरून खाली जोरात मारलेला फटका, परतवण्याचा सराव सुरू केला तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर मी ‘प्रतिक्रिया मंद, वेग वाढवणे’ असे लिहिले होते. दहा आठवड्यांनंतर ते निदान मला खोडावे लागत आहे.

डोळ्यांना काही दिसल्यापासून त्यानुसार हालचाल सुरू होईपर्यंत माणसाला साधारणपणे २०० मिलिसेकंद लागतात आणि कितीही सराव केला तरी हा आकडा फारसा खाली येत नाही. हौशी खेळाडूचा बऱ्यापैकी स्मॅशदेखील कोर्टाच्या मध्यावर उभ्या असलेल्या माणसापर्यंत अर्ध्या सेकंदाच्या आत पोहोचतो. त्यातून हे २०० मिलिसेकंद वजा केले, की रॅकेट जागेवर आणण्यासाठी उरणारा वेळ फारच तोकडा असतो. तरीही काही जण स्मॅश निवांतपणे परतवतात, कारण शटल रॅकेटवरून सुटण्याआधीच त्यांना त्याच्या दिशेचा अंदाज आलेला असतो.

बॅडमिंटनमध्ये हे १९८७ साली ॲबरनेथी आणि रसेल या संशोधकांनी तपासले होते. फटका मारणाऱ्याची चित्रफीत शटलला रॅकेट लागण्याच्या आधी किंवा नंतर वेगवेगळ्या क्षणी तोडायची आणि शटल कुठे पडेल ते विचारायचे, अशी त्यांची पद्धत होती. नवशिक्यांना प्रामुख्याने रॅकेटच्या हालचालीवरून अंदाज येत असे. मुरलेल्या खेळाडूंना रॅकेट धरलेल्या हातावरूनही तो येई, आणि हात रॅकेटच्या आधी वळत असल्यामुळे त्यांचा अंदाज लवकर बांधला जाई. मला सर्वांत विचारात पाडणारी गोष्ट वेगळीच आहे. नजरेच्या हालचाली मोजल्या तेव्हा दोन्ही गटांचे डोळे जवळपास सारख्याच ठिकाणी फिरत असल्याचे आढळले. म्हणजे नजर एकाच जागी असूनही एकाला तिथून माहिती मिळत होती आणि दुसऱ्याला मिळत नव्हती. ‘नजर शटलवर ठेवा’ हा आपण सगळेच येता-जाता देत असलेला सल्ला त्यामुळेच मला आता अपुरा वाटतो.

हाच प्रयोग मी घरगुती स्वरूपात केला. सरावातील सहकाऱ्याचे स्मॅश आणि ड्रॉप (नेटजवळ अलगद टाकलेले फटके) मी माझ्या बाजूने मोबाइलवर चित्रित केले, प्रत्येक तुकडा शटलला रॅकेट लागण्याच्या किंचित आधी थांबेल असा कापला आणि रोज चाळीस तुकडे पाहून अंदाज लिहीत गेलो. पहिले दोन आठवडे उत्तरे नाणेफेकीच्या तोडीची होती. तिसऱ्या आठवड्यात लक्ष रॅकेटच्या डोक्यावरून काढून कोपर आणि मनगटाच्या मधल्या भागाकडे नेले, तेव्हा हळूहळू फरक पडू लागला. ड्रॉपच्या वेळी कोपर पुढे येऊनही मनगटाकडचा भाग किंचित रेंगाळतो, हे मला इतक्या वर्षांत एकदाही दिसले नव्हते.

कोर्टावरचा हिशेब असा : पहिल्या आठवड्यात ६० स्मॅशपैकी १९ परतवले होते, तर नवव्या आठवड्यात ३१. मात्र त्याच आठवड्यात एका अनोळखी खेळाडूसमोर हा आकडा २३ वर आला. माझ्या प्रगतीचा बराच भाग त्या एका सहकाऱ्याची लकब पाठ झाल्याचा आहे, हे मान्य करायला हवे.

दुसरा धडा सर्व्हिसने दिला, आणि तो जरा महागात पडला. सहाव्या आठवड्यात शॉर्ट सर्व्हिस, म्हणजे नेटवरून जेमतेम पलीकडे टाकायची सर्व्हिस, सुधारण्यासाठी मी मनगट नेमके कसे वळते याकडे लक्ष देऊ लागलो आणि आजवर बिनबोभाट जाणारी सर्व्हिस नेटमध्ये अडकू लागली. गॅब्रिएल वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये स्कीइंगच्या यंत्रावर शिकणाऱ्यांकडून नेमकी हीच तुलना करून घेतली होती : एका गटाने आपल्या पायाने जोर लावण्याकडे लक्ष द्यायचे, दुसऱ्याने पायाखालच्या चाकांवर जोर देण्याकडे. पाय आणि चाक यांच्यात अंतर ते कितीसे! तरीही चाकांकडे लक्ष देणारा गट सरस ठरला. मी आता सर्व्हिसपूर्वी नेटच्या पांढऱ्या पट्टीवरचा एकच बिंदू ठरवतो आणि शटल सुटेपर्यंत नजर तिथेच ठेवतो. मनगटाचा विचार करत नाही. अडकणाऱ्या सर्व्हिस दोन आठवड्यांत पूर्वीइतक्या कमी झाल्या.

तरीही स्वतःच्या शरीराकडे लक्ष देणे नेहमीच वाईट, असा निष्कर्ष काढण्याची घाई मी करणार नाही. बायलॉक आणि सहकाऱ्यांच्या २००२ मधील प्रयोगात अनुभवी फुटबॉलपटूंना चेंडू घेऊन पळताना पावलाकडे लक्ष द्यायला सांगितले, तेव्हा उजव्या पायाची कामगिरी खालावली. कमी सरावलेल्या डाव्या पायाला मात्र त्याच सूचनेचा फायदा झाला. माझा बॅकहँड बचाव अजून त्या डाव्या पायासारखाच आहे. अंगठा रॅकेटच्या मुठीच्या रुंद बाजूवर टेकला आहे की नाही, हे मनातल्या मनात तपासले तर फटका बरा बसतो, आणि विसरलो तर हमखास बाहेर जातो. म्हणून बॅकहँडसाठी अंगठ्याची तपासणी तूर्त चालू ठेवली आहे.

पुढील चार आठवड्यांत चित्रित तुकड्यांमध्ये आणखी तीन खेळाडू घेणार आहे, त्यांपैकी एक डावखुरा. स्मॅशची मोजणी यापुढे फक्त नव्या खेळाडूंसमोरच करीन.