तिसरी बरणी

शाळेच्या मागच्या भिंतीला लागूनच तलावाची पाळ. मधल्या सुट्टीत डबा तिथंच उघडायचा. आमच्या भंडारा-गोंदियाकडे शाळेला मैदान नसेल एखाद्या वेळी, तलाव असतोच. उन्हाळ्यात पाणी आटलं की गाळानं भरलेल्या बैलबंड्या धानाच्या बांध्यांकडे निघायच्या.

नववीत विज्ञान प्रदर्शनासाठी सरांनी आम्हा दोघा मित्रांना लोणच्याच्या तीन काचेच्या बरण्या दिल्या. एकीत धुतलेली वाळू, दुसरीत तलावाचा गाळ. तिसरीत गाळ आणि वर शेणाचे दोन गोळे; ही अक्कल माझी. खत जास्त तर वाढ जास्त, असा माझा सरळ हिशेब. तिन्हींत हायड्रिला या पाण्याखाली वाढणाऱ्या वनस्पतीच्या बोटभर काड्या खोचल्या, विहिरीचं पाणी ओतलं आणि बरण्या व्हरांड्यात मांडल्या.

महिन्याभरात गाळातली हायड्रिला पाण्याच्या वर येऊन आडवी पसरली. वाळूतली वीतभरसुद्धा झाली नाही. माझी बरणी मात्र सडली. मुळं काळी ठिक्कर, झाकण काढलं की कुजक्या अंड्यांचा भपकारा. शिपाईमामांनी एक दिवस ती न विचारता नळामागे नेऊन ठेवली.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सरांनी उरलेली दोन्ही झाडं उपटायला लावली. गाळातली अलगद हातात आली, मुळं जेमतेम चार-दोन. वाळूतली मरतुकडी काडी मात्र निघता निघेना. निघाली तेव्हा खाली पांढऱ्या धाग्यांचा झुबका, वरच्या खोडाहून लांब! परीक्षकांना वाटलं, आम्ही चिठ्ठ्या उलट्या चिकटवल्यात. बक्षीस हुकलं. सर वाद घालत बसले नाहीत. परतताना एसटीत म्हणाले, "अंगणात विहीर असलेला माणूस पाण्यासाठी गावभर हिंडतो का रे?" यातून त्यांनी सुविचार काढला नाही, हे त्यांचे उपकार.

पुढे वनस्पतिशास्त्र शिकताना कळलं, हाच प्रश्न मोठमोठ्यांना पडला होता. मुळं धरणाऱ्या पाणवनस्पती स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, पाण्यातून घेतात की गाळातून? कॅनडातल्या कॅरिन्यां आणि काल्फ यांनी १९८० साली दाखवलं, की बहुतेक गाळातूनच. सांडपाण्यासारख्या अतिपोषक पाण्यातही सरासरी ७२ टक्के. जलपर्णीचं तंत्र वेगळं. ती तरंगते, पाण्यातूनच घेते, आणि पाण्यात स्फुरद कमी पडलं की तिची पिसासारखी मुळं लांबतात. तिसऱ्या बरणीचाही उलगडा झाला. शेण कुजताना गाळातला होता नव्हता प्राणवायू संपला, हायड्रोजन सल्फाइड तयार झाला. पानांकडून मुळांकडे जाणारी हवा त्यापुढे किती पुरणार?

गेल्या दिवाळीत पाळीवर गेलो होतो. गाळ न्यायला आता बंड्या येत नाहीत म्हणे. काठावर बसून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, एक हायड्रिला ओढली. अलगद आली. मुळं तीन, तीही बोटाच्या पेराएवढी.