नोडची बॅटरी नक्की कशात संपते? : माझा एम.टेक.चा अनुभव

एम.टेक.ला मी वायरलेस सेन्सर नेटवर्क घेतलं, म्हणजे मोजमापं घेऊन ती रेडिओवरून एकमेकांमार्फत पाठवणाऱ्या, बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या उपकरणांचं (नोडचं) जाळं. कमीत कमी बॅटरीत डेटा कसा पोहोचवायचा, हा विषय. सुरुवात 'लीच'पासून झाली. एमआयटीतल्या हाइन्झेलमन, चंद्रकासन आणि बालकृष्णन यांनी 2000 साली मांडलेला हा प्रोटोकॉल, म्हणजे नोडनी डेटा कसा पाठवायचा याची ठरवून दिलेली पद्धत. नोडचे गट पाडायचे आणि गटप्रमुख आळीपाळीने बदलत राहायचा, म्हणजे सगळा भार एकावरच पडत नाही. कल्पना मला आजही फार आवडते. ऊर्जेचं सूत्रही सुटसुटीत आहे: एक बिट पाठवायला किंवा घ्यायला 50 नॅनोज्यूल, शिवाय पाठवताना अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढणारा खर्च. मात्र रेडिओ चालू ठेवून कुणाचं काही येतंय का, याची नुसती वाट बघण्याचा खर्च त्यात धरलेलाच नाही. खरी मेख तिथेच आहे.

"सिम्युलेशन नंतर कर, आधी करंट मोज," म्हणत माझ्या मार्गदर्शक मॅडमनी टेलॉसबी नावाचे नोड हातात ठेवले. बॅटरीच्या वाटेत 10 ओहमचा रेझिस्टर घातला आणि त्यावरच्या व्होल्टेजचा आलेख दाखवणारा ऑसिलोस्कोप लावला. पडद्यावर साधारण 190 मिलिव्होल्टची सरळ रेघ, म्हणजे करंट सुमारे 19 मिलिअँपिअर. नोड काहीच पाठवत नव्हता तरी! नोडमधल्या सीसी2420 रेडिओची डेटाशीटही तेच सांगते: पूर्ण पॉवरवर पाठवताना 17.4 मिलिअँपिअर, ऐकताना 18.8. म्हणजे ऐकणंच महाग, आणि नोड ऐकत असतो दिवसरात्र. एकसरीत जोडलेले 2500 मिलिअँपिअर-तासाचे दोन सेल या हिशेबाने साडेपाच दिवसांत संपतात.

मग रेडिओला बहुतेक वेळ झोपवून ठेवणारा कॉन्टिकीमॅक हा प्रोटोकॉल नोडवर चढवला. आता रेडिओ दर 125 मिलिसेकंदांनी क्षणभर जागा होतो, हवेत कुणी बोलतंय का ते दोनदा तपासतो आणि पुन्हा झोपतो. सरळ रेघेच्या जागी जोडीजोडीने बारीक काटे दिसायला लागले. पाठवणारा नोड पोच मिळेपर्यंत तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवतो, म्हणून पहिल्या वेळी काट्यांची लांबलचक रांग उमटली. पुढच्या पॅकेटला रांग एकदम आखूड! शेजारचा कधी जागा होतो ते त्याने लक्षात ठेवलं होतं आणि त्याच्या किंचित आधी पाठवायला सुरुवात केली होती. हे वाचून समजलं होतं, पण डोळ्यांनी बघण्यातला आनंद वेगळाच. ब्रॉडकास्टला, म्हणजे सगळ्या शेजाऱ्यांना एकदम पाठवायच्या निरोपाला, मात्र ही सवलत नाही; तिथे पूर्ण 125 मिलिसेकंद पाठवत राहावं लागतं. म्हणून ब्रॉडकास्टने जाणारे, मार्ग शोधण्याचे निरोप जितके कमी तितकं बरं.

शेवटचा टप्पा मामांच्या डाळिंबाच्या बागेत, सांगोल्याकडे. जमिनीच्या ओलाव्याचे नोड ठिबकच्या लाइनींलगत बसवले, आणि सगळ्यांचा डेटा गोळा करणारा नोड, म्हणजे सिंक, मोटरच्या खोलीत. पाऊस झाला की पानं ओली होत आणि 2.4 गिगाहर्ट्झचे सिग्नल झाडांतच अडत. पॅकेट परत परत पाठवावी लागत. त्याहून मोठी अडचण म्हणजे सिंकजवळच्या नोडचं व्होल्टेज सगळ्यांआधी उतरायला लागलं. मागच्या साऱ्या बागेचा डेटा त्यांच्याच हातून जात होता. "मग दुसरं टोक आपल्या घराकडे काढ की," मामा म्हणाले. घरात इन्व्हर्टर होताच. तिथे दुसरा सिंक लावला. त्याचा रेडिओ कायम जागा, त्यामुळे त्याच्या आसपासच्या नोडना पहिल्याच पॅकेटला पोच मिळते. आता प्रत्येक नोड ओलाव्यासोबत स्वतःचं व्होल्टेजही पाठवतो आणि कोणता सेल आधी बदलायचा, हे मामा माझ्याआधी सांगतात.